कॅपिटल अक्षरांचे अडीच गुण

हेलनबाईंनी नंदाखालच्या शाळेत छत्तीस वर्षे गुण दिले, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांच्या शिष्यवृत्ती मंडळाच्या ईमेलवर भामट्यांच्या पत्रांचा पूर लोटला आणि त्यांचा जुना विद्यार्थी एरॉल याने तो थोपवणारी यंत्रणा बसवून दिली, तेव्हा तिचे मर्म त्यांना तत्काळ उमगले. आलेले प्रत्येक पत्र तपासले जाई. संशयाच्या प्रत्येक खुणेला ठरलेले गुण असत. बेरीज पाचाच्या वर गेली की पत्र वेगळ्या कप्प्यात पडे आणि आठ दिवसांनी तिथूनही कायमचे पुसले जाई.

“म्हणजे इथे ज्याला गुण जास्त तो नापास,” बाई म्हणाल्या.

“बाई, अशी शाळा असती तर मी पहिला आलो असतो.”

“तू तिथेही पेपर अर्धाच सोडवला असतास.”

कोणत्या खुणेला किती गुण, हे अर्थातच बाई ठरवीत. एरॉलने गोखिवऱ्याच्या आपल्या दुकानात बसून ते आकडे भरायचे, एवढेच त्याचे काम. बाईंचा विशेष राग परदेशी म्हाताऱ्यांवर होता. हे म्हातारे इस्पितळात अखेरच्या घटका मोजत असत, त्यांची एक शेवटची इच्छा असे, आणि आपली सारी मालमत्ता कोणा अनोळखी बाईच्या पदरात टाकण्याची त्यांना घाई झालेली असे. “मरतो मरतो म्हणतात आणि रोज नेमाने पत्र लिहितात!” असे म्हणून बाईंनी ‘हॉस्पिटल’ या शब्दाला एक गुण, ‘लास्ट विश’ला एक पूर्णांक तीन आणि अनोळखी पत्त्याला शून्य पूर्णांक आठ ठरवून दिले. सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत असेल तर दीड.

दहा जानेवारीला सकाळी त्यांनी एरॉलला फोन लावला.

“काल एक म्हातारा निसटून आत आला. वरपासून खालपर्यंत कॅपिटल. मी पुसून टाकला. कॅपिटलचे अडीच कर.”

“बाई, एकदम एक गुण जास्त? काही साधी माणसंही तसं लिहितात हो.”

“त्यांनी लिहायला शिकावं. कर म्हटलं ना?”

त्याने केले.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला उमेळ्याहून निरोप आला की प्लासिड गेला.

प्लासिड बाईंचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी त्याने उमेळ्याच्या वाडीतले बावखल बुजवले आणि ती जमीन इमारतीसाठी देऊन टाकली. त्या तळ्याच्या पाण्यावर त्यांच्या आजोबांनी केळी वाढवल्या होत्या, वडिलांनी दोन्ही मुलांना त्यातच पोहायला शिकवले होते. बाईंनी त्या दिवशी सांगितले, “तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही,” आणि शब्द पाळला. अंत्यविधीलाही त्या घरी गेल्या नाहीत. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसल्या, कबरस्तानात मूठभर माती टाकली आणि वळल्या. तिथे प्लासिडची मुलगी टिफनी त्यांच्यासमोर उभी राहिली. नऊ वर्षांत बाईंनी तिला पाहिले नव्हते.

“आत्या, डॅडींनी इस्पितळातून तीनदा लिहिलं तुम्हाला. माझ्या फोनवरून, मंडळाच्या पत्त्यावर. एक ओळ तरी पाठवायची होती.”

“मला एकही पत्र मिळालं नाही,” बाई म्हणाल्या. त्या क्षणी ते त्यांना खरे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी एरॉल लॅपटॉप घेऊन नंदाखालला आला. वेगळ्या कप्प्यात त्या पत्रांपैकी काही उरले नव्हते. पण कोणते पत्र केव्हा आले आणि त्याला कशाकशाचे किती गुण पडले, याची नोंद यंत्रणा ठेवत असे.

“हे बघा. टिफनीचा पत्ता. चोवीस तारीख. कॅपिटल अडीच, हॉस्पिटल एक, लास्ट विश एक पूर्णांक तीन, अनोळखी पत्ता शून्य पूर्णांक आठ. एकूण पाच पूर्णांक सहा. पंधरा तारखेलाही तेच.”

“आणि मजकूर?”

“मजकूर नाही, बाई. पुसला गेला. फक्त गुण राहिलेत.”

बाई आकड्यांकडे पाहत राहिल्या. प्लासिडची सारी उमर जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून गेली होती. त्याच्या यंत्रावर लहान अक्षरे नव्हतीच. घरी आल्यावर वाणसामानाची यादीसुद्धा तो कॅपिटलमध्ये लिही. समुद्रावरून त्याच्या तारा येत, त्या वडिलांना हेलनच वाचून दाखवी. हे त्या विसरल्या नव्हत्या. दहा जानेवारीला त्यांना ते आठवले नव्हते, इतकेच.

“तिसरं कुठे आहे?”

एरॉलने नोंद आणखी वर सरकवली.

“तिसरं नाही, बाई. ते पहिलं. नऊ जानेवारी. तेव्हा कॅपिटलचे दीडच होते. एकूण चार पूर्णांक सहा. ते पास झालं होतं. तुमच्यापर्यंत पोचलं होतं.”

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग एरॉल खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, हे फक्त मला ठाऊक आहे. टिफनीला सांगू, मशीनने घोळ केला. तिन्ही पत्रं अडकली. त्यात खोटं तरी किती? तिनातली दोन अडकलीच की.”

बाईंनी फोन उचलला. आधी त्यांना पत्र हवे होते. त्याने काय लिहिले, ते कळायला हवे होते.

“टिफनी, तुझ्या फोनमध्ये ती पत्रं असतील. पाठवून दे.”

“नाहीत, आत्या. डॅडींनी जायच्या आधी स्वतः पुसली. मला एकही वाचू दिलं नाही.”

“का?”

“म्हणाले, माझी बहीण वाचूनही गप्प राहिली, हे घरात कोणाला दिसायला नको. लोक तिला नावं ठेवतील.”

समोर एरॉल हाताने खुणा करीत होता: मशीन, मशीन. टिफनीच बोलली.

“पण मी काल आईला सांगितलं, आत्या खोटं नाही बोलणार. पत्रं कुठल्यातरी मशीनमध्ये अडकली असतील. असंच झालं ना?”

“नाही,” हेलनबाई म्हणाल्या. “दोन अडकली, तीही मी सांगितलेल्या गुणांमुळे. पहिलं मला मिळालं होतं. अक्षरं मोठी बघून मी ते न वाचता पुसलं. आणि पुन्हा तसं येऊ नये, असा हुकूम सोडला.”



“हे कशाला सांगितलंत, आत्या?” टिफनीचा आवाज फुटला. “कालपासून आम्ही मशीनला शिव्या देत होतो. बरं चाललं होतं आमचं.”

जन्मभर संभाषण कुठे संपवायचे, हे त्यांनीच ठरवले होते. आज त्या कानाशी फोन धरून उभ्या राहिल्या. टिफनी रडत होती. ती फोन ठेवेपर्यंत ते ऐकत राहणे, एवढेच त्यांच्या हाती उरले होते.