मला एकच कोन सांगता येतो

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे आणि खरं सांगायचं तर आता फार थकलो आहे. माझ्या साइनच्या बटणावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली. एका मोजणीदाराच्या खिशात माझा जन्म गेला. त्रिकोणाची कुठलीही बाजू तिच्या समोरच्या कोनाच्या साइनने भागली की उत्तर सारखंच येतं, या एका नियमावर त्यांनी आयुष्यभर जमिनी मोजल्या. राबायचो मी, कौतुक व्हायचं त्यांचं.

पाय दुखू लागले तसे ते घरी बसले आणि मी त्यांच्या मुलीकडे आलो. तिचं पहिलंच काम तीन कोपऱ्यांच्या जागेचं होतं. दोन कोपऱ्यांचे दगड जागेवर होते, तिसरा हरवला होता. जुन्या नकाशावरून दोन बाजू ठाऊक होत्या, त्यातल्या एकीच्या समोरचा, म्हणजे पहिल्या कोपऱ्याचा कोनही ठाऊक होता. तिसरी बाजू काढायला आधी हरवलेल्या कोपऱ्याचा कोन हवा होता. तिने बटणं दाबली, मी एकाहत्तर अंश सांगितले. त्या हिशेबाने हद्द लांबली आणि शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींची खोली आत आली. जागेचा मालक ती पाडायला टपलेलाच होता. मावशी भांडल्या नाहीत. शिवणयंत्रावर कापड टाकून नुसत्या बसून राहिल्या.

घरी आल्यावर मुलीला जेवण जाईना.

"काय झालं गं?"

"मावशींची खोली जाणार, बाबा. कोन एकाहत्तरच येतोय."

"आणि एकशे नऊचा साइन किती येतो, बघितलास?"

तिने बघितला. एकाहत्तरचा होता तोच आला, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.

"पण याने एकच उत्तर दिलं."

"त्या बिचाऱ्याला जमीन कुठे दिसते? एकशे ऐंशीतून वजा करायचं काम आपलं. उद्या दोन्हीकडे खणून बघ."

दुसऱ्या दिवशी एकाहत्तरच्या जागी, खोलीच्या पलीकडे, नुसती माती निघाली. एकशे नऊच्या जागी, खोलीच्या बऱ्याच अलीकडे, कुदळ खणकन दगडावर आपटली. मावशींनी आत जाऊन शिवणयंत्रावरचं कापड काढलं.

आता मुलगी फोनवरच हिशेब करते. मी खणात पडून आहे. आतला सेल फुटून पोटात हिरवट थर साचलाय, त्याचं फार वाईट वाटतं. मित्रांनो, काम संपलं की यंत्रातले सेल काढून ठेवत जा, तेवढी माया करा. आणि यंत्राने एक उत्तर दिलं, तर दुसरं असू शकेल का, हे स्वतःला विचारत जा. माझे एकाहत्तर अंश चुकीचे नव्हते, तरी मावशी उघड्यावर आल्या असत्या.