अमुक गोत्र, अमुक नाव

मेकअपवाल्या बाईनं दिगंबर महाराजांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि ती नखांत काळा रंग भरायला लागली. हात फार स्वच्छ दिसतात म्हणे. जन्मभर जपलेलं सोवळं तिनं एका ब्रशानं उरकून टाकलं. महाराजांना तक्रार करायला तोंड नव्हतं. होकार त्यांनी स्वतःच दिला होता. कापसानं लागोपाठ दगा दिल्यापासून वलगावात सत्यनारायण उरले नव्हते, लग्नंही मंदिरात गुपचूप उरकत होती.

पेढी नदीच्या काठी सिनेमावाल्यांनी बस्तान मांडलं होतं. सिनेमा एका भटजीचा. त्याचा देवावरचा विश्वास उडतो, तरी तो लोकांची क्रियाकर्मं करत राहतो. भटजी झालेला नट छत्रीखाली थंडा पीत बसला होता. दर्भाचं पवित्रक त्याला बोटात धड घालता येईना, म्हणून जवळून दिसायचे हात महाराजांचे. पिंडांकडे तर बघवत नव्हतं. दिव्यांच्या झळेनं भात सुटतो, म्हणून मैद्यात डिंक कालवून वळलेले, वर तीळ चिकटवलेले. त्यांना हात लावताच महाराजांना शिसारी आली.

मग समोर विधवेला आणून बसवलं.

"खरा चेहरा आहे! हिला मेकअप नको," दिग्दर्शक खुशीत म्हणाला.

महाराजांनी वर पाहिलं. जमुना होती.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा, पंजाब, शेतात मरून पडलेला सापडला होता, शेजारी फवारणीचा पंप. त्या साली गावोगाव माणसं औषध पिऊन जीव देत होती. पंजाब प्यायलाच, असं गाव म्हणालं. जमुना महाराजांच्या दारात येऊन सांगत राहिली, "फवारून राहिले होते, महाराज. वारं उलटलं, औषध तोंडावर आलं." महाराजांनी गावाचं ऐकलं. आत्मघात आहे, आधी नारायणबळी करा, मग दहाव्याचं पाहू, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. नारायणबळी तिच्या आवाक्यातला नव्हता. पंजाबचं दहावं राहिलं ते राहिलंच.

"मंत्र काहीही म्हणा हो," दिग्दर्शक ओरडला. "आवाज नंतर दुसरा टाकायचाय."

महाराजांना पळवाट सापडली. पोथीत मेलेल्याचं गोत्र आणि नाव घालायच्या जागी 'अमुक' छापलेलं असतं. आपणही अमुकच म्हणायचं. नावच घेतलं नाही तर पिंड पोचणार कुणाला? ना पाप, ना पुण्य. स्वतःच्या हुशारीवर ते मनातून खूशही झाले.

"अमुकगोत्रस्य अमुकनाम्नः..."

दिवा हलला म्हणून पुन्हा. माशी बसली म्हणून पुन्हा. दर वेळी तोच चिकट गोळा उचलून परत हातात. जमुना मात्र हलली नाही.

"अमुकगोत्रस्य अमुकनाम्नः..."

"पंजाब," जमुना हळूच म्हणाली.

"कट! बाई, तुम्हाला बोलायचं नाहीये."

"महाराज नाव इसरले," ती म्हणाली.

महाराज पुढं वाकले. "विसरलो नाही, जमुना. हे सारं खोटं आहे. पिंडसुद्धा मैद्याचे आहेत."

"तुमाले खोटं असन. मी तं सकायपासून उपाशी हावो. मंडपवाल्या उस्मानभाईनं सांगतलं, का महाराज दहाव्याले बसून राहिले. मंग सिनेमा असो नाई तं काई असो, म्या म्हटलं जावं."

दिग्दर्शक उड्या मारायचाच बाकी होता. "भारी आहे हे! ठेवूया. फक्त पंजाब नको, आमच्या कथेत तो सदाशिव आहे. आणि बाई, नाव घेताना जरा रडा."

जमुनेनं मान खाली घातली.

महाराजांना किळस आली. आधी त्या माणसाची, मग डिंकाच्या वासाची, आणि मग त्या दिवशी दार लावून घेणाऱ्याची. ही शेवटची काही केल्या उतरेना. वारं उलटलं होतं की पंजाब प्यायला होता, हे त्यांना आजही ठाऊक नव्हतं. तेव्हाही नव्हतंच.

कॅमेरा सुरू झाला. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात.

"काश्यपगोत्रस्य पंजाबनाम्नः प्रेतस्य," महाराज म्हणाले. शब्द स्वच्छ उमटला. त्यांनी पिंड जपून दर्भावर ठेवला आणि त्यावर तीळ घातलेलं पाणी सोडलं.

जमुनेनं हात जोडले, कपाळ जमिनीला टेकवलं आणि उठून ती गावाच्या वाटेला लागली.

"कट! काय जपून ठेवला, वा! आणखी एकदा घेऊ." दिग्दर्शक वळला. "अरे, बाई कुठं निघाल्या? ओ बाई! इकडं बघा!"

जमुना चालत राहिली.

"ऐकू येत नाही का त्यांना? महाराज, तुम्ही तरी हाक मारा."

"पिंड दिल्यावर मागं वळून पाहायचं नसतं."

"पण ते खोटं होतं ना?"

धोतर सावरत महाराज उठले आणि क्रियेनंतरच्या आंघोळीसाठी पेढीच्या पात्रात उतरले.