सवतीचा टाक

सत्त्याण्णव साल. केशरबाई सकाळीच कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीत आली तेव्हा रंगूबाई भाकरी थापत होती. दोघी साताऱ्याकडच्या, एकमेकींच्या विहिणी. रंगूबाईची लेक सुनयना केशरबाईच्या घरात मेली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

"विहीणबाई, माज्या धनाजीचं पुन्यांदा जमलं बगा, रविवारी लगीन हाय. रबाळ्याच्या कंपनीत परमनंट हाय, पोरींना काय तोटा! पन सुनयनाचा टाक तुमच्याच हातनं पडू द्या नवरीच्या गळ्यात."

पहिली मेली की तिच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात. का, तर मेलेलीनं सवतीला छळू नये! वा रे रीत! भ्यायचं मेलेल्या बाईला, आणि तिला मारणारा पुन्हा घोड्यावर!

सुनयनाला एड्स झाला तो नवऱ्याकडून. धनाजीला आपला आजार लग्नाआधीच ठाऊक होता, केशरबाईलाही. रंगूबाईला कळलं ते पोरगी शेवटच्या घटका मोजताना, दवाखान्यात. तोवर ह्याच सासूनं तिचं ताट वेगळं काढलं होतं, तिला पांढऱ्या पायाची म्हटलं होतं.

"येते की," रंगूबाई म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

दुपारी ती बेलापूरला तस्नीम वकीलबाईंकडे गेली. "बाई, हे लगीन थांबवा."

"मावशी, आजार असणं गुन्हा नाही. ठाऊक असून दुसऱ्याला देणं गुन्हा आहे, कैद आहे त्याला. पण पोलीस म्हणतील, आधी काही घडू तर द्या."

"माजी लेक गेली, ते घडलं न्हवं?"

"त्याची केस मी लढते. पण रविवारचं लग्न थांबवेल असा कायदा माझ्याकडे नाही."

"ऱ्हाऊ द्या. माज्याकडं टाक हाय."

रविवारी मांडवात रंगूबाई नवरीसमोर बसली. रखमा नाव तिचं, कोवळी पोर. टाक हातातच धरून रंगूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"पोरी, ह्याला एड्स हाय. माजी लेक त्यानंच गेली. खोटं वाटत आसंल तर त्यालाच इचार."

"येडी झालीया! हाकला हिला!" केशरबाई किंचाळली.

रखमानं धनाजीकडे पाहिलं. "खरं हाय का?"

धनाजी पाटाकडे बघत राहिला. रखमानं मुंडावळ्या सोडल्या. बापानं तिचा हात धरला, "अगं, लोक काय म्हन्तील?"

"लोक मरनार हायत का माज्या जागी?"

रखमा वाचली. कायद्यानं नाही वाचवली, लेक गमावलेल्या एका आईनं वाचवली. सरकार, दर मांडवाला अशी एक आई पुरवणार आहात का?

रंगूबाई उठली आणि तिनं तो टाक धनाजीच्याच गळ्यात अडकवला.

"आता तिला तू भिऊन ऱ्हा. उद्या तुज्यावर केस घालतीया. दवापानी कर, चार घास नीट खा. मला तू जित्ता पायजेस जावईबापू, कोर्टात हुबा ऱ्हायला."