मला खादाड म्हणणाऱ्यांना

हो, मीच बोलतेय! काचेवर 'विकणे आहे'ची पाटी लावून अंगणात उभी केलेली, चारही चाकांवर जोर लावणारी थोराड गाडी. चौदा वर्षं मुकाट्यानं ऐकून घेतलं. आज ऐकवणार आहे.

मी या घरात आले ती गुरांच्या डॉक्टर मॅडमसाठी. डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत लहान गाड्या पोचत नाहीत. अडलेल्या गाईपाशी मॅडमना चिखलातून वेळेवर न्यायचं, हे माझं काम. ते मी एकदाही टाळलं नाही. डिझेल जास्त पिते, कबूल. दोन टनांचा देह काय वाऱ्यावर चालतो?

पण तीन वर्षांपूर्वी एका चढावर आम्ही रुतलो. मॅडमनी गिअरशेजारचा छोटा दांडा पुढे ढकलला, पुढच्या चाकांनाही जोर मिळाला आणि आम्ही सुटलो. तेव्हापासून त्यांनी ठरवूनच टाकलं, या दांड्यानं वाचवलंय, याला आता हात लावायचा नाही. चिखलात ठीक आहे हो, पण कोरड्या डांबरी रस्त्यावरही चारही चाकं जुंपलेली! वळताना मी कण्हायचे, टायर झिजायचे, टाकी बघता बघता रिकामी व्हायची. आणि नावं कुणाला? मला!

"अगं, लिटरला सात! ही गाडी आहे की हौद?" मॅडमचे यजमान डोकं धरून बसायचे. "विकून टाक. छोटी घेऊ."

"आणि वरच्या गोठ्यांवर कशी जाऊ? चालत?"

तरी पाटी लागलीच. फार लागलं मला ते.

आज सकाळी गिऱ्हाईक आपला मेकॅनिक घेऊन आलं. मेकॅनिकनं मला फाटकापर्यंत नेलं आणि थांबवलं.

"मॅडम, हा दांडा कधीपासून पुढे आहे?"

"तीन वर्षं झाली. का हो?"

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, हा चिखलापुरता! डांबरावर मागे घ्यायचा. टायर बदला, मग बघा, लिटरला दहा तरी देईल."

यजमान आपल्या चपलांकडे बघत राहिले. मॅडमनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "माझंच चुकलं गं बाई," त्या म्हणाल्या. मला हुंदका आवरेना. गिऱ्हाइकाला चहा मिळाला, गाडी नाही.

ती पाटी आता आत, स्टिअरिंगशेजारी आहे. उलट्या बाजूवर मॅडमच्या अक्षरात लिहिलंय, 'डांबर लागलं की दांडा मागे.'

एक दिवस मी खरंच थकेन. तेव्हा खुशाल भंगारात घाला, कुरकुर करणार नाही. पण तुमच्या चुकीपायी मी जाणार नाही, सांगून ठेवते!