पिवळं पाणी

पुतळा जळायची, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की, लिहिणारीनं आपल्या बाईला उगाच देव्हाऱ्यात नेऊन बसवलं. ती धाकट्या जावेवर जळायची आणि चांगली खरपूस जळायची.

दिवाळे गावात, खाडीच्या अंगाला त्यांचं दुमजली घर. खाली सासू वेणूबाई, थोरला शिवा आणि त्याची बायको पुतळा. वर धाकटा तेजस, त्याची बायको निशिगंधा आणि चार वर्षांची मनस्वी. शिवा होडी घेऊन खाडीत जायचा, पुतळा मासळी विकायची. तेजस द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर. निशिगंधा बी.कॉम. झालेली, नेरूळच्या एका क्लासच्या ऑफिसात बसायची. पुतळाच्या लग्नाला बारा वर्षं झाली, पाळणा हलला नाही. निशिगंधा आली आणि वर्षाच्या आत तिला मनू झाली. कानामागून आली आणि तिखट झाली! सासू धाकटीला 'माझी गंधा' म्हणायची आणि थोरलीला 'ए'.

पण मनूला वाढवलं कुणी? पुतळानं. सकाळी साडेआठला आई ऑफिसला निघाली की पोरगी खाली यायची. पुतळा बोंबील वाळत घालायची, मनू त्यातला एकेक मोजायची. काटा काढलेला घास पुतळाच भरवायची. आणि संध्याकाळी गेटाशी चप्पल वाजली की हीच पोरगी तोंडातला घास टाकून "आई" करत धावायची. तेव्हा पुतळाच्या पोटात असं जळायचं, की काय सांगू. तोंडानं मात्र म्हणायची, "जा बाय, आली तुझी महाराणी."

त्या शुक्रवारीही रोजच्यासारखी पोरगी खाली आली. पुतळा तिच्या दोन शेंड्या घालत होती. मनू आज गप्प होती. बोंबलांकडेही बघेना.

"काय झालं गो? तोंड उचल बघू."

मनूनं तोंड वर केलं आणि पुतळाचा कंगवा थांबला. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला हळदीचं बोट लागावं तसा पिवळा रंग होता.

"आई, मनूला कावीळ झाली वाटतं," ती सासूला म्हणाली. "डॉक्टरकडं न्यायला पायजे."

वेणूबाईंनी पोरीचे डोळे पाहिले. मग पुतळाचे पाहिले. "तिची आई सकाळी आंघोळ घालून गेली, तिला नाय दिसलं. तुलाच बरं दिसलं?"

पुतळाला वाटलं, हे कौतुक आहे. वेडी बाई!

दुपारी वेणूबाईंनी पलीकडच्या गावातून देवजी भगताला बोलावलं. कावीळ उतरवण्यात त्याचा मोठा हातखंडा. त्यानं पितळी वाटीतला कसलासा तपकिरी मुळीचा रस मनूच्या तळहातांना चोळला, ओठांत काहीतरी पुटपुटला आणि परातीतल्या चुन्याच्या पाण्यानं हात धुतले. पाणी पिवळंजर्द झालं. ऑफिसातून धावत आलेली निशिगंधा बघतच राहिली. पोरीच्या अंगातली कावीळ डोळ्यांदेखत परातीत उतरली होती! बी.कॉम.ची पदवी भिंतीवर लटकत होती आणि बाई हात जोडून उभी होती. तिला हसू नका. आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या परातीपुढे असे हात जोडलेले आहेत.

भगतानं मनगटाला काळा गंडा बांधला. "सात दिवस हा सुटायचा नाय. तवर डॉक्टरची सुई टोचायची नाय, गोळी द्यायची नाय. देवीचा कोप होईल."

शनिवारी मनूला उलट्या झाल्या. भगत आला, हात धुतले, पाणी पिवळं. रविवारी पोरीनं खाणं सोडलं. सोमवारी ती दुपारभर झोपून राहिली, हाक मारली तर डोळे अर्धे उघडायची. निशिगंधा तेजसला म्हणाली, "अरे, आपण हॉस्पिटलला नेऊ या ना. मला खूप टेन्शन आलंय." तेजस म्हणाला, "गंडा बांधलाय. मधेच काय झालं तर आई आपल्याला सोडेल का?" पोरीला काय झालं तर, हा प्रश्न त्याला सुचला नाही.

मंगळवारी सकाळी भगत पुन्हा आला. पाणी पुन्हा पिवळं. त्यानं परात बाजूला सारली आणि मान हलवली.

"मी उतरवतो तेवढी पुन्यांदा चढते. घरात कोनतरी जळतंय या पोरीवर."

कुणी नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. खाई त्याला खवखवे. पुतळाचा चेहरा पांढराफटक पडला.

"पैली हिलाच दिसली ना कावीळ!" वेणूबाई ओरडल्या. "वांझोटीची नजर! खाल्लंस माझ्या नातीला!"

आणि खरी भयंकर गोष्ट पुढे आहे. पुतळानं एकही शब्द नाकारला नाही. कारण जळत तर ती होतीच! तिला वाटलं, बरोबर आहे, आपणच केलं. आपल्या पोटातली आग पोरीच्या अंगात शिरली. भगत म्हणाला, हिनं आजच माहेरी निघून जावं, पोरगी बरी होईपर्यंत उंबरा ओलांडू नये. पुतळा मान खाली घालून आत गेली आणि पिशवीत साड्या भरू लागली.

आतल्या खोलीत भिंतीवर देवीची तसबीर होती. लग्न होऊन आल्यापासून पुतळा रोज तिला फूल वाहायची. पिशवीची चेन लावता लावता ती तसबिरीसमोर बसली आणि रडायला लागली.

"आये, जळले मी. कबूल हाय. पन ही जन्मली त्या दिशी मी जेवढी जळले, तेवढी कदीच नाय जळले. बारशाला तर मी न्हाणीत जाऊन टाहो फोडला. तवा हिला साधी सर्दी पन नाय झाली. मग आताच कशी गो कावीळ झाली?"

बोलली आणि स्वतःच थबकली. डोळे पुसले. डोक्यात एकामागून एक आठवायला लागलं. ती काय एकट्या मनूच्या आईवर जळायची? बाजारात शेजारी बसणाऱ्या राजश्रीवर जळायची, तिच्याकडे गिऱ्हाइकांची रांग लागायची म्हणून. राजश्रीची टोपली अजून भरतेच आहे. चुलत नणंदेच्या सोन्याच्या पाटल्यांवर ती सहा वर्षं जळत होती; पाटल्या गेल्या नाहीत, उलट गोठ आले. तिच्या जळण्यात एवढा जोर असता तर अर्धं दिवाळे ओस पडलं असतं!

बाईनं पिशवी तिथंच टाकली आणि ती बाहेर आली.

"भगत, एक इचारायचं हाय. ते पानी धडधाकट मानसाच्या हातानं पिवळं होतं का?"

"बाई, देवाच्या कामात प्रश्न नसतो. शंका आली तिथनं देव उठून जातो."

"मी देवाला कुठं इचारते? तुमाला इचारते. तुमी देव हाय का?"

"ए, तोंड बंद कर!" वेणूबाई अंगावर धावल्या.

दारात शिवा उभा होता, नुकताच खाडीवरून आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. बारा वर्षांत आईपुढे बायकोच्या बाजूनं तो कधी बोलला नव्हता. त्यानं लुंगीला हात पुसले आणि पुढे केले. "माझे धुवा. मी ठणठणीत हाय. होऊंद्या पिवळं नायतर नका होऊंद्या."

भगत हलेना. पुतळानंच वाटी उचलली, नवऱ्याच्या तळहातांना रस चोळला आणि चुन्याचं नवं पाणी ओतलं. पाणी पिवळंजर्द झालं.

"तिचाच नवरा तो," भगत घाईनं म्हणाला. "तिचं पाप त्याला लागलंय."

"हां, तेच," वेणूबाईंनी री ओढली.

तेवढ्यात निशिगंधा उठली. चार दिवस तिनं केस विंचरले नव्हते. ती परातीपुढे मांडी घालून बसली आणि हात पसरले. "ताई, माझ्या हातांना लावा. मी आई आहे ना तिची? मी तर नाही जळत माझ्या पोरीवर."

भगतानं वाटी ओढायला हात घातला. पुतळानं सोडली नाही. निशिगंधाच्या तळहातांवर रस चोळला गेला, वर पाणी पडलं आणि पिवळे ओघळ परातीत उतरले. ती त्या ओघळांकडे बघत राहिली. "चार दिवस," एवढंच म्हणाली. मग उठून तिनं मनूच्या मनगटावरचा गंडा दातांनी तोडला.

"गंधा, देवी कोपेल गो!" वेणूबाई रडकुंडीला आल्या.

"कोपू दे माझ्यावर. ताई, रिक्षा बघा!"

नेरूळच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मनूला तपासलं आणि तिला लगेच आयसीयूत घेतलं. दूषित पाण्यातून आलेली कावीळ. यकृताला चांगलीच सूज आली होती. "बहुतेक मुलं यातून सहज बरी होतात," त्या म्हणाल्या. "पण ही गुंगीत जायला लागली तेव्हाच आणायला हवी होती. आता काही सांगता येत नाही. आणखी एक दिवस थांबला असतात तर मला बघायलाही मिळाली नसती."

सहा दिवस दोघी जावा काचेबाहेरच्या बाकावर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी निशिगंधा एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही खरंच जळायच्या माझ्यावर?"

"जळायची. अजून जळते. खोटं कशाला बोलू?"

"मीपण जळायचे तुमच्यावर."

पुतळानं चमकून बघितलं.

"पहिला शब्द ती तुमच्यासमोर बोलली. पहिलं पाऊल तुमच्या ओट्यावर टाकलं. मी ऑफिसात बसून व्हिडिओ बघायचे आणि रडायचे. ताप आला की तुमच्याच कुशीत शिरायची. मला वाटायचं, जन्म मी दिला आणि पोरगी यांची."

"मग तुझ्या नजरेनं मला कावीळ का नाय झाली गो?" पुतळा म्हणाली. दोघी हसल्या आणि लगेच दोघींना रडू आलं. बाजूच्या बाकावरच्या माणसानं पाण्याची बाटली पुढे केली.

थोड्या वेळानं निशिगंधानं विचारलं, "आता देवीला मानायचं की नाही, ताई?"

"मी तर मानते. तिच्यासमोर बसूनच मला इचारायचं सुचलं. इचारल्यावर चिडते ती सासू. देवी कशाला चिडंल? आनि चिडत असंल, तर मग तिला घाबरायचं, फुलं कशाला वाहायची?"

मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. मोठमोठ्या व्यासपीठांवरून श्रद्धेवर बोललेलं मी ऐकलं, पण एवढं सरळ कुणी सांगितलं नाही. ज्या श्रद्धेला एका मासळीवालीचा एक प्रश्न सोसत नाही, ती कुणाला कसली तारणार?

सातव्या दिवशी मनूनं डोळे उघडून खायला मागितलं. पंधरा दिवसांनी ती घरी आली. तोवर गावात बोभाटा झालाच होता, की देवजी भगतानं चार वेळा उतरवली म्हणून पोरगी तगली, डॉक्टरनं नुसतं सलाईन लावलं. उंदराला मांजर साक्ष!

रविवारी वेणूबाईंनी देवीची ओटी भरायला आळीतल्या बायका बोलावल्या. मनूला नवा फ्रॉक घालून पाटावर बसवलं. ताम्हणात निरांजन पेटलं. तेवढ्यात सासू पुतळाच्या कानाशी आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "तू जरा वर जाऊन बस. मी मानत नाय गो असलं काय आता. पन उगाच रिस्क कशाला घ्या?"

हे वाक्य नीट ऐका. भगताची परात ओळखता येते. ही ओळखता येत नाही, कारण ती आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. मानत नाही, पण उगाच कशाला! याच वाक्यानं विधवेला मागच्या रांगेत बसवलं जातं आणि वांझ म्हटलेल्या बाईला डोहाळजेवणाचं बोलावणं जात नाही.

पुतळा जिन्याकडे वळली होती. निशिगंधानं सगळं ऐकलं होतं. तिनं ताम्हण उचललं आणि जावेच्या हातात दिलं.

"ताई, आधी तुम्ही ओवाळा. डोळे कुणी पाहिले तिचे? मी नाही, आईंनी नाही. तुम्ही पाहिले."

"गंधा!" वेणूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्हाला हे चालत नसेल तर ओटी राहू दे. ताई नाहीत तर मी आणि मनूसुद्धा नाही."

वेणूबाई बाजूला झाल्या. पुतळानं ओवाळलं. मग मनूला मांडीवर घेतलं. पोरगी क्षणभर बसली आणि लगेच "आई" म्हणत निशिगंधाकडे हात पसरून झेपावली. पुतळाच्या पोटात जळलं. रोज संध्याकाळी जळायचं तसंच, तेवढंच. तिनं ते लपवलं नाही.

"बघ, अजून जळते मी," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

"जळा खुशाल," निशिगंधा म्हणाली.

साऱ्या बायका श्वास रोखून मनूकडे बघायला लागल्या. मनूनं आईच्या कडेवर बसून पेढा खाल्ला, बोटं नव्या फ्रॉकला पुसली आणि दुसरा मागितला.