कॉम्प्युटर थंड ठेवणारी लेक

बलभीमच्या बढाईला ईट गावच्या पंचक्रोशीत तोड नव्हती. मेंढरं घेऊन कुठंही जावो, बांधावर कुणी भेटलं की गाडी फिरून फिरून लेकीवरच यायची. “जगाचे कॉम्प्युटर तापत्यात. ते थंड कोण ठेवतं? आमची वैष्णवी!” ऐकणाऱ्यांना हे पाठ झालं होतं. मेंढरांनाही झालं असेल.

आता तर तिची कंपनीच गावात येणार होती. तलावाशेजारच्या माळावर डेटा सेंटर, म्हणजे हजारो कॉम्प्युटरांचं कोठार. त्याला तलावाचं पाणी हवं होतं, आणि ग्रामसभेचा होकार मिळवायला कंपनीच्या साहेबांनी मुद्दाम गावच्याच वैष्णवीला सोबत आणलं होतं. सभेत पहिल्या रांगेत बलभीम नवा फेटा बांधून बसला होता. छाती अशी फुगली होती, की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

साहेबांनी पडद्यावर झाडं दाखवली, रस्ता दाखवला. पाणी आम्ही फिरवून फिरवून वापरतो म्हणाले आणि पुढच्या चित्राकडं वळले. लेकीला काही बोलायला मिळेना. बलभीमला राहवेना. तो उठला.

“साहेब, जरा थांबा. फिरवून म्हंजी आमचं पाणी तलावात परत येतंय का? आमच्या पोरीला सांगू द्या. तिला लई माहिती हाय.”

तिला चार माणसांत मिरवता यावं, एवढाच त्याचा डाव होता. पण साहेबांनी तिच्याकडं डोळे मोठे करून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. आपण लेकीला कात्रीत पकडलं, हे बलभीमला कळलं. पण सवाल तोंडातून गेला होता.

ती उभी राहिली. “न्हाय अण्णा, परत येत न्हाय. चार फेऱ्या मारतं, पण यंत्रं थंड करता करता बरंचसं वाफ होऊन उडून जातं. उरतं ते खारट. उन्हाळ्यात तलाव आटतो, तवाच यंत्रांची तहान वाढती. परदेशातबी कोरड्या मुलखात याच्यावरनंच भांडणं चालू हायत. हवेवर थंड करता येतं, पण वीज जास्त लागती, खर्च वाढतो. तसं लिहून देत असतील तर बोला. न्हायतर तलाव देऊ नका.”

मागून गावातलीच उमाबाई ओरडली, “तसं लिहून आणा, मग या!” आणि भराभर हात वर झाले.

बलभीमनं लेकीकडं पाहिलं. तिची नोकरी गेलीच आता. बांधाबांधावर मिरवलेली ती नोकरी. तरी त्याचा ऊर भरून आला, डोळ्यांत पाणी आलं. आपल्याच पोटावर पाय देऊन एवढ्या माणसांत खरं बोलायला तो स्वतः जन्मात धजला नसता.

“तुम्ही नक्की कुणाच्या, मॅडम?” साहेबांनी दातओठ खात विचारलं.

“कुणाची म्हंजी? माझी हाय ती!” बलभीम गरजला. सगळी सभा हसली. डोळे पुसत वैष्णवीही हसली.

मग पाहुणचाराची रीत म्हणून त्यानं तांब्या उचलला, पेला भरला आणि साहेबांपुढं धरला.

“घ्या साहेब. प्यायला आमी कुणालाबी न्हाय म्हणत न्हाय.”