इतिहासाच्या कपाटातल्या राण्या

वाचनालयात त्यांना सगळे कॅटलॉगबाई म्हणत, आणि बाईंना त्याचं कौतुकच होतं. आलेल्या पुस्तकाला क्रमांक द्यायचा आणि ते कुठल्या कपाटात जाणार हे ठरवायचं, हे त्यांचं काम. "सव्वीस वर्षांत माझी एक चूक दाखवा," हे ठरलेलं वाक्य. घरी नवरा म्हणायचा, "मलाही एक नंबर चिकटव, म्हणजे हरवणार नाही."

जागा अपुरी पडायला लागली तसं ग्रंथपालसाहेबांनी फर्मान काढलं. दहा वर्षांत ज्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही, ते रद्दीत. एक गाडी गेल्या शनिवारी भरून गेली होती, दुसरी या शनिवारी येणार होती. बाईंनी कंबर कसली.

रद्द करायची रीत ठरलेली. वाचनालयाचा शिक्का तीन ठिकाणी असतो: पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि सतराव्या पानावर. चोराने पहिलं आणि शेवटचं पान फाडलं तरी सतरावं त्याच्या ध्यानात येत नाही. त्या तिन्हींवर 'रद्द' मारलं की पुस्तक कायमचं सुटलं.

गुरुवारी दुपारी 'राजघराणी' या कपाटातून पाच हिंदी पुस्तकं निघाली. पाचही एकाच लेखिकेची, आणि तिचं नाव बाईंनी कधी ऐकलेलं नव्हतं. वरच्या पुस्तकाचं नाव 'रनिवास का वृत्तांत', म्हणजे राणीवशाची हकिकत; बाकीची चार नावंही अशीच भारदस्त. मागची तारखांची चिठ्ठी कोरी करकरीत. बाईंनी सतरावं पान उघडलं, शिक्का उचलला आणि जुन्या निळ्या शाईखालची ओळ डोळ्यांत भरली म्हणून वाचली.

एका पोरीला राजवाड्यात कामाला घेतलं होतं, ते तिचं पाऊल राणीच्या पावलाएवढं होतं म्हणून. राणीचे नवे जोडे तिने महिनाभर घालून हिंडायचं, फोड आपल्या पायाला येऊ द्यायचे आणि चामडं मऊ झालं की जोडा काढून द्यायचा. न बोचणारा जोडा तिच्या पायात एक दिवसही राहत नसे.

बाईंनी शिक्का खाली ठेवला. पान उलटलं, मग आणखी एक. वाचनालय बंद व्हायची घंटा झाली तेव्हा त्यांना खरंच कळेना की आपण कुठे बसलोय.

पाचही पुस्तकं पिशवीत घालून त्या घरी आल्या. नवऱ्याने विचारलं, "आज जेवायचं काय?"

"सकाळचं आहे, बघा."

तो दारातच थबकला. "तू वाचतेस?" हलवायाने लाडू खावा तसं त्याला ते नवल वाटलं.

दुसऱ्या पुस्तकात एक राणी होती. तिने जन्मात स्वतःच्या हाताने दार उघडलं नव्हतं. राज्य गेलं, माणसं पांगली आणि ती बंद दारासमोर उभी राहिली. कडी कुठे असते हे सापडायला तिला तीन पानं लागली. ती तीन पानं बाईंनी श्वास रोखून वाचली, आणि दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. मलपृष्ठावर फोटो होता. जाड चष्मा, साधा चेहरा, खाली एकच ओळ: शाळेत शिकवतात. शाळेत शिकवणाऱ्या बाईला हे सगळं कुणी सांगितलं? इतकं मोठं काही आपण सव्वीस वर्षं पाठीमागे ठेवून बसलो होतो, या विचाराने त्यांना बसल्या जागी लहान झाल्यासारखं वाटलं.

आणि मग दुसरा विचार आला. या तर कादंबऱ्या. मग राजघराण्यांच्या कपाटात कशा? तिथे वंशावळी शोधणारे येतात, कादंबरीवाले तिकडे फिरकतसुद्धा नाहीत.

शुक्रवारी सकाळी त्यांनी जुनी नोंदवही काढली. अक्षर त्यांचंच होतं. नाव वाचलं होतं, नंबर दिला होता. आत डोकावल्या नव्हत्या.

शिपाईकाकांनी ऐकून घेतलं. "मागच्या चिठ्ठीवर दोन-चार तारखा मारा की, बाई. लोक नेतात असं दिसेल. कोण विचारतंय?"

"नको, काका. या लेखिकेला वाचक मिळाला नाही, आणि तो माझ्यामुळे मिळाला नाही. खोट्या तारखा मारून तेही झाकू का?"

पाचही पुस्तकं घेऊन त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, या पाच कादंबऱ्या रद्द करू नका. मी चुकीच्या कपाटात लावल्या होत्या."

"तुम्ही?" साहेब हसले. "सव्वीस वर्षांत पहिली म्हणायची." त्यांनी यादीतून पाच नावं खोडली, सही केली. "झालं. एवढ्या पाचच ना?"

हो म्हणता म्हणता बाईंची नजर खिडकीकडे गेली. खिडकीखाली त्यांनीच बांधलेले गठ्ठे छातीइतके उंच रचलेले होते. आणि गेल्या शनिवारची गाडी तर गेलीच होती. तिच्यात काय होतं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी सगळीच पुस्तकं नावं बघून लावली. साहेब, उद्याची गाडी थांबवा."

"कधीपर्यंत?"

"माझं वाचून होईपर्यंत."

साहेबांनी गठ्ठ्यांकडे पाहिलं, मग बाईंच्या पिकल्या केसांकडे. त्यांनी फोन उचलला, आणि बाई गठ्ठ्याची सुतळी सोडायला खाली बसल्या.